जेवायच्या हाताला

दुबईत मी पाट्या करतो. दुकानांच्या नव्हेत, मॉलमध्ये, दवाखान्यात, पार्किंगमध्ये माणसाला वाट दाखवणाऱ्या. बाण हा माझा धंदा. गणपतीच्या आरतीला जमलेले लोक माझी ओळख ‘हे आमचे बाणवाले’ अशी करून देतात आणि मी लगेच धनुष्य ताणून दाखवतो. संधी सोडणाऱ्यातला मी नाही.

इमारत उघडण्याआधी पाट्यांची परीक्षा होते. ती जागा कधीही न पाहिलेल्या माणसाला दारात उभं करायचं आणि सांगायचं, औषधांचं दुकान शोधा. तो चालतो, मनात येईल ते मोठ्यानं बोलतो, आणि पाट्या करणारा त्याच्या मागून चालतो. मागच्यानं बोलायचं नाही. खोकायचंसुद्धा नाही. पुढचा जिथे चुकेल तिथली पाटी नापास.

या परीक्षेसाठी माझ्याकडे हुकमी एक्का होता, माझी बायको. अशी चुकणारी बाई अख्ख्या आखातात नसेल! दुबईतल्या करामा वस्तीत आमचा संसार जुना झाला, तरी वाण्याकडून परतताना ती शेजारच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये शिरायची आणि तिथल्या बायकांशी गप्पा मारून यायची. डावं-उजवं तिच्या डोक्यात कधी बसलंच नाही. तिला ठाऊक होता फक्त जेवायचा हात. वळणावर थांबायची, पाच बोटं जुळवून हवेतला घास उचलायची, आणि मग वळायची.

एका मॉलमध्ये तिनं केलेला तमाशा मी अजून लोकांना करून दाखवतो. पाटीखाली कमरेवर हात ठेवून उभी.

“हा बाण कुणाचा? अरबीचा की इंग्रजीचा? एकीकडे हे, एकीकडे ते, आणि मध्ये हा बिचारा. दोन बायकांचा नवरा!”

तिनं सरळ समोरच्या वॉचमनला गाठलं. “भैया, बाथरूम किधर है?”

“विचारायचं नाही!” मी ओरडलो.

“आणि तुम्ही बोलायचं नाही,” ती गर्रकन वळली. “तुम्ही नापास. देवानं तोंड दिलंय माणसाला, पाट्या कशाला हव्यात?”

“ममा, जस्ट फॉलो द ॲरो!” आमची लेक कपाळाला हात लावून म्हणाली.

“ॲरो तुझ्या बाबांचा आहे. घरी ऐकते तेवढं पुरे.”

बाण आम्ही हलवला. ती अडखळेल तिथे मी पाटी बदलायची, हा शिरस्ताच पडला. या शहरातल्या कितीतरी वळणांवर लोक आज न थबकता वळतात, कारण कधीतरी ती तिथे थबकली होती.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन ठरलं ते नेमकं आमच्याच पाट्यांच्या दवाखान्यात. तिथली परीक्षाही तिनंच दिली होती आणि पहिल्यांदाच कुठे न चुकता पोचली होती. “इथे मीसुद्धा हरवणार नाही,” म्हणाली होती. मी ते वाक्य वर्षभर मिरवलं.

ऑपरेशनच्या सकाळी तिला ट्रॉलीवर घेतलं. “यल्ला, चलो मॅडम,” म्हणत वॉर्डबॉयनं ट्रॉली ढकलली. दोन कॉरिडॉर गेले असतील, तिनं माझी बाही धरली.

“अहो, आपण कुठे आलो?”

“पाटी बघ ना.”

“कुठली पाटी? मला नुसते दिवे दिसतायत.”

मी तिच्या डोक्याशी डोकं नेऊन वर पाहिलं. माझी देखणी, द्विभाषिक, लांबून वाचता येणारी पाटी खालून बोटभर जाडीची पट्टी दिसत होती. तिच्यावर अक्षर नाही, बाण नाही. आडव्या माणसाची परीक्षा आम्ही कधी घेतलीच नव्हती.

सुरीला ती घाबरत नव्हती. कुठे नेतायत ते कळत नव्हतं, त्यानं तिचा चेहरा उतरला होता. मग मी वाकून तिच्या कानाशी बोलत चालू लागलो. “ही रक्त तपासायची खोली. हा चहाचा कट्टा, तुला आवडला होता तो. आता वळतोय.”

“कुठल्या हाताला?”

“जेवायच्या.”

त्या हाताला सलाईनची सुई होती. तरी तिनं बोटं जुळवली, घास थोडासा उचलला आणि मान हलवली. बरोबर.

शेवटी लाल पाटीचं दार आलं. ‘इथून पुढे फक्त कर्मचारी.’ माझ्या सगळ्या पाट्यांत हीच अव्वल. हिच्यापाशी आजवर कुणी चुकलेलं नाही. वॉर्डबॉय थांबला, माझ्याकडे पाहून हळूच म्हणाला, “साब, बस यहाँ तक.”

तिनं माझा चेहरा पाहिला असावा. डोळे मिचकावून म्हणाली, “आता मी पुढे, तुम्ही मागे. आणि बोलायचं नाही हं.”

मी बोललो नाही. दार मिटलं.

त्या दारामागे लगेच एक वळण आहे. नकाशा माझ्याच टेबलावर बनला होता, मला ते पाठ होतं. तिथे जेवायच्या हाताला वळायचं नाही, दुसऱ्या हाताला. ते सांगायला मी तोंड उघडलंही होतं.

ती बाहेर आली नाही.

आता त्या दवाखान्यात छतालाही पाट्या आहेत, आडव्या माणसाला वाचता येतील अशा. पहिली मी लाल दारामागच्या त्या वळणावर लावून घेतली. लावणाऱ्यानं विचारलं, एवढी मोठी अक्षरं कशाला? मी खूप बोलणारा माणूस. त्या दिवशी शिडी धरून नुसता उभा राहिलो.