रोज दोन भागाकार

श्रीरामपूरहून राहुरीला निघालेल्या एसटीत शेजारच्या म्हाताऱ्यानं माझं तिकीट मागितलं. मला वाटलं, साध्या वेशातला तपासनीस! मी दरबारी अदबीनं ते पेश केलं. त्यानं नंबरावरून बोट फिरवलं.

"तीस हजार तीस. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, समद्यांनी भाग जातोय. भरल्या घरचा आकडा हाय, सायेब."

मग त्यानं पिशवीतून वही काढली. पहिल्या पानावर एक मोबाईल नंबर होता आणि पुढं पानोपान भागाकार.

"कुणाचा नंबर, बाबा?"

"आमच्या मंडळीचा. ती गेली गेल्या साली. चार हजार एकोणीसपर्यंतच्या समद्या मूळ संख्या लावून बघितल्या, कशानंच भाग जात न्हाई. ह्योबी मूळच असंल. रोज दोन भागाकार करतो."

"अहो, हा मोबाईल दोन सेकंदात सांगेल!" माझा खोडसाळ हात आकडे दाबून मोकळाही झाला.

त्यानं मनगट धरलं. "नगा सांगू. ह्ये संपलं तर सकाळी उठून करू काय?"

पडद्यावर उत्तर आलं होतं. चार हजार एकशे सत्तावीसनं भाग जात होता. मधल्या मूळ संख्या मोबाईलनंच मोजून दिल्या. बारा भागाकार, म्हणजे सहा दिवस.

"रेंज नाही, बाबा," मी म्हणालो आणि फोन खिशात टाकला.

एरवी मला गप्प बसवायला कंडक्टर लागतो. त्या दिवशी मी मुकाट बाहेरचा ऊस बघत राहिलो. शेजारी पेन्सिल कुरकुरत होती.

"न्हाई गेला!" तो समाधानानं म्हणाला आणि चार हजार एकवीसवर त्यानं फुली मारली.

अकरा उरले.