पावसातलं आणि खोकल्यातलं

दादाकडे एकाच गाण्याच्या दोन कॅसेटी होत्या. एका परदेशी रॉक बँडचे दोन वेगळ्या शहरांतले कार्यक्रम, गर्दीतल्या कुणीतरी टिपून घेतलेले. नागपूरच्या हॉस्टेलातून त्यानं त्या उतरवून आणल्या होत्या. त्या गाण्याची सुरुवात आणि शेवट तेवढा ठरलेला, मधलं सगळं आयत्या वेळचं. एकीत पाऊस पडत होता, दुसरीत रेकॉर्ड करणाऱ्याच्या शेजारी कुणीतरी सारखं खोकत होतं. म्हणून आम्ही त्यांना पावसातलं आणि खोकल्यातलं म्हणायचो. यवतमाळच्या आमच्या घरात आईला दोन्ही सारखीच डोकेदुखी होती.

दादा पावसातल्याचा भक्त. त्यात गिटार मूळ चाल सोडून इतकी लांब जाते की ड्रमवालाही चाचपडायला लागतो. पुढे काय करायचं ते कुणालाच माहीत नाही, हे चक्क ऐकू येतं. तिथे मला भीती वाटायची. कितीदाही ऐकलं तरी वाटायचं, आज हे परत यायचे नाहीत. माझं आवडतं खोकल्यातलं. तिथेही ते भटकतात, पण बेस गिटार खालून हात धरून असते. दादा म्हणायचा, ज्याला घरचा रस्ता दिसत राहतो तो कसला भटकला? मी म्हणायचे, तुझं काय जातं, तू कशालाच भीत नाहीस. कॅसेटी गेल्या, दोन्ही मोबाईलवर आली, हा वाद काही मिटला नाही.

एका वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती आणि बोंडअळीमुळे जिकडेतिकडे फवारणी चालली होती. दारव्ह्याजवळच्या आमच्या वावरात फवारणीचा माणूस आला नाही, तेव्हा दादानं नोकरीतून सुट्टी काढून पंप स्वतःच पाठीवर घेतला. झाड उंच, म्हणून नळी वर धरायची, आणि औषध तोंडावर यायचं. मध्येच तोंडाला बांधलेला रुमाल खाली ओढून त्यानं त्याच हातानं तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात टाकला, आमच्याकडे सगळेच टाकतात तसा. संध्याकाळपर्यंत त्याला एकाचे दोन दिसायला लागले, तोंडातून लाळ गळू लागली.

दवाखान्यात त्याचे हात पट्टीनं खाटेला बांधले, कारण तो सलाईनची सुई उपटत होता. डॉक्टर म्हणाले, विषावरच्या उताऱ्याच्या इंजेक्शननं भ्रम झालाय, बहुतेक उतरेल. त्या ‘बहुतेक’वर मी रात्रभर जागी राहिले. शेजारच्या खाटेवरचा माणूसही असाच बडबडत होता, आणि सकाळी ती खाट रिकामी झाली होती. मी दादाला हाक मारली तर तो मला मजूर समजून कपाशीची ओळ सोडू नको म्हणून बजावत राहिला.

दुपारी मी मोबाईल त्याच्या उशीशी धरून पावसातलं लावलं. त्यानं हेही ओळखलं नाही तर काय? चाल सुरू झाली. तो छताकडे बघत पुटपुटतच होता. गिटार सुटली, दूर गेली, आणि त्याची पुटपुट एकदम थांबली. मला वाटलं श्वासच थांबला. नर्सला बोलवायला मी उठले.

“बंद कर ते,” दादा म्हणाला. “मले भेव लागून राह्यलं. तुह्यं लाव.”

त्यानं मला ओळखलं होतं. मी माझं, खोकल्यातलं, लावलं आणि त्याचा बांधलेला हात धरून बसले. तो परत आला होता, तरी मला तो हात सोडवेना. दादाला भ्यालेलं मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते.