मुठीवरचे दाणे

"कामून?" हा तिचा ठरलेला शब्द. मोशीत माझं शिवणाचं दुकान आहे. त्याच्या पायरीवर बसून ती आठ वर्षांची पोर विचारायची, "काकू, वरून दोरा हाय, मग खालून बी कामून लागतो?" मी बॉबिन काढून दाखवायची. नीट पटलं, तरच पुढचा प्रश्न.

कुटुंब जालन्याकडचं, वडील चाकणला कंपनीत. तिच्या डाव्या हाताला जन्मापासून बोटं नव्हती, नुसते शेंगदाण्याएवढे कोंब. फ्रॉक शिवायला टाकताना आई हळूच सांगायची, डावा खिसा जरा खोल ठेवा. हात कायम त्या खिशात. शाळेत गोल करून खेळताना तो हात धरायला कुणी तयार होईना, तेव्हापासून तिनं खेळणंच सोडलं. माझ्याशी एवढं बोलणारी, पण गल्लीतल्या मुलांशी चकार शब्द नाही.

मग मामानं गावाहून तांबडी कोंबडी आणून दिली. भलतीच आगाऊ. दाणे धरावेत तर बोटंच टोचायची. मी दोनदा टोचून घेतलं. एका दुपारी पाहते तर ही उजव्या हातात वाटी धरून डाव्या तळव्यावरून तिला ज्वारी चारतेय, आणि कोंबडी शहाण्यासारखी खातेय. तो हात मी पहिल्यांदाच उघड्यावर पाहिला. मी मशीन चालवत राहिले. चार दिवस बारकाईनं बघून तिनंच मला सांगितलं, की कोंबडीला बोटं अळ्यांसारखी दिसत असणार.

कोंबडीपायी गल्लीतली मुलं जमू लागली. एकीनं दाणे पुढे केले, बोटाला चोच बसली, ती रडकुंडीला आली. मग तिची नजर हिच्या डाव्या हाताकडे गेली.

"तुझी बोटं कुठं गेली?"

 माझा पाय मशीनवर थांबला. आता ही घरात पळणार, असं मला वाटलं. तिचा हात खिशापर्यंत गेलाही. पण कोंबडी तिच्या पायाशी दाण्यांची वाट बघत उभी होती. तिनं हात पुन्हा पुढे केला.

"आलीच न्हाईत," ती म्हणाली. "तुमी बोटं मिटा. माझ्यासारखा हात करा."

मुलांनी मुठी वळल्या. ती एकेकाच्या मुठीवर दाणे ठेवत गेली, कोंबडी एकेकाकडे जाऊन खात गेली. रडकुंडीला आलेल्या मुलीनं तर दुसऱ्यांदा रांग लावली. तुम्ही असता तर तुम्हीही मूठ पुढे केली असती, मी केली.

पुढच्या फ्रॉकला तिनं खिसा नको असं सांगितलं. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला.

वर्षभरानं वडिलांनी चाकणलाच खोली घेतली. सामानाचा टेम्पो निघाला तेव्हा ती मागे गाद्यांवर बसली होती, उजव्या कुशीत कोंबडी घट्ट धरून. खड्ड्यात टेम्पो आदळला, तशी ती डाव्या हातानं केबिनवर थापा मारत ड्रायव्हरला सांगू लागली, "हळू घ्या भाऊ. हिला भ्या वाटतंय."