सेक्रेटरींचे बनियन आणि एक फुलपाखरू

राजधानीतल्या द्वारका भागात, आमच्या सोसायटीत घाणेरीचं एकच झुडूप आहे, आणि तेही नेमकं सेक्रेटरींच्या तळमजल्यावरच्या बाल्कनीसमोर. सेक्रेटरी म्हणजे निवृत्त अधिकारी, अत्यंत शिस्तीचे. रोज सकाळी त्यांचे पाच बनियन बाल्कनीबाहेरच्या स्टँडवर ओळीने वाळत असतात. फुलपाखरं मात्र त्या घाणेरीवरच येतात.

मी नवीन कॅमेरा घेतला होता आणि सुट्टीच्या दिवशी तिथे उकिडवी बसून फोटो काढत होते. फुलपाखरू अगदी स्वच्छ यायचं, पण मागे उन्हात चमकणारे पांढरे गोळे. कॉम्प्युटरवर ते पुसायला गेले, तर पुसता पुसता फुलपाखराच्या मिशाच गेल्या.

तेव्हा सासूबाई साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्यांनी चष्मा लावून फोटो पाहिले.

"छान आहे गं. पण याच्या मागे हे इडल्यांचं ताट कशाला ठेवलंस?"

"इडल्या नाहीत आई, सेक्रेटरींचे बनियन आहेत."

त्या इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला. मग म्हणाल्या, "उद्या मी त्यांना बोलण्यात गुंतवते. तू स्टँड सरकव."

"तुम्हाला हिंदी कुठे येते?"

"म्हणूनच तर. मी काय म्हणते ते कळायलाच त्यांना वेळ लागेल."

रविवारी सकाळी त्यांनी खरंच सेक्रेटरींची बेल वाजवली. दार उघडताच सुरुवात केली, "भाईसाब, हमारे नळ को धारच नहीं है. इतना पानी आता है." आणि किती बारीक धार ते दाखवायला करंगळी वर केली.

सेक्रेटरींनी फक्त करंगळी पाहिली. "अरे माताजी, बिल्कुल! इधर आइए, बाथरूम इधर है."

सासूबाईंनी नंतर सांगितलं, "नाही कसं म्हणणार? डाव फसला असता. गेले आणि कडी लावली."

एक बाई आपल्या बाथरूममध्ये असताना घरात कसं थांबायचं, या संकोचाने बिचारे सेक्रेटरी बाल्कनीत आले. समोर मी, दोन्ही हातांनी त्यांचा स्टँड ओढत होते.

"यह क्या हो रहा है?"

खोटं काही सुचेचना. मी सरळ कॅमेऱ्यातले फोटो दाखवले. ते एकेक बघत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

"सब में मेरी बनियान है?"

"जी सर."

"ये किस-किस को भेजी हैं?"

"सोसायटीच्या ग्रुपवर... दोन-तीनच," मी घाबरून मराठीतच म्हणाले.

त्यांनी स्वतः स्टँड उचलून आत नेला. पण आता मागे बाल्कनीची पांढरी जाळी दिसायला लागली. मी म्हटलं, मागे एखादं हिरवं कापड असतं तर! ते आत गेले, पानिपतच्या हातमागाची हिरवी चादर घेऊन आले आणि ती पसरून झुडपामागे उभे राहिले. मागची गोष्ट जितकी लांब, तितकी ती फोटोत विरघळते, म्हणून सगळ्या सोसायटीला हुकूम सोडणाऱ्या माणसाला मी हुकूम सोडत होते, "और पीछे, सर. थोडा और."

सासूबाई एव्हाना बाहेर आल्या होत्या. "अहो, जरा वर धरा!" त्या ओरडल्या. सेक्रेटरींना मराठी बरोबर कळलं. चादरीसकट हात डोक्यावर गेले.

फुलपाखरू दोनदा उडालं. तिसऱ्यांदा ते बसलं, मी श्वास रोखून बटण दाबलं. मागे नुसता मऊ हिरवा रंग, आणि त्यावर काळे-पिवळे पंख उघडलेले. मला तर ओरडावंसं वाटलं.

फोटो ग्रुपवर टाकला. कुणीतरी लगेच विचारलं, बॅकग्राउंड इतकं छान कसं आलं? मी काही लिहिण्याआधी सेक्रेटरींचं उत्तर आलं, "हाथ बहुत दुखे."

पुढच्या रविवारी सकाळी सातला आमची बेल वाजली. दारात सेक्रेटरी, हातात चादर, चक्क इस्त्री केलेली. "मैडम, आज नहीं जाना क्या?"

मी अजून गाऊनमध्येच होते. आतून सासूबाई म्हणाल्या, "त्यांना बसव गं, मी चहा टाकते."