दर्शना कोळी नाचत नाही

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाकडे काय शिजतंय ते मला वासावरून कळतं आणि कुणाकडे काय बिघडलंय ते आवाजावरून. त्यामुळे दर्शनाची हकीकत माझ्याइतक्या चवीने दुसरं कुणी सांगेल, हे शक्य नाही.

ऐरोलीत आमची सोसायटी आणि कोळीवाडा यांच्यामध्ये एकच भिंत आहे. पलीकडे दर्शनाचं घर. बाप भगवान खाडीत होडी घालतो आणि आई बायजाबाई सकाळी आमच्याच गेटाशी मासळीची पाटी मांडून बसते. मी साताऱ्याचा, म्हणून ती मला घाटीभाऊ म्हणते. भाव करायला लागलो की ऐकवते, "घाटीभाऊ, तुमी पिठलंच खावा. ते सोसतं तुमाला."

पोरगी मात्र बोलायला लागली की माणूस पिशवी खाली ठेवून ऐकतो. आवाज खणखणीत. घरात कोळीवाड्याची बोली, शाळेत पुस्तकातली मराठी, बसच्या कंडक्टरशी तिसरंच काहीतरी. चप्पल बदलावी तशी भाषा बदलते. तिला वकील व्हायचंय. हे ऐकून आमचे सेक्रेटरी खो खो हसले होते. "कोळणीची पोर! भांडायची प्रॅक्टिस घरीच झालेली!" मेंटेनन्सच्या मीटिंगमध्ये खुर्ची उचलणारे हेच गृहस्थ. त्यांनी सनद कुठून घेतली, ते विचारायचं राहूनच गेलं.

दर्शना पाचवीत असताना हजेरी घेताघेता वैशालीबाईंनी तिचं आडनाव वाचलं आणि त्यांना लॉटरी लागल्यासारखं झालं. स्नेहसंमेलन बसवायचं काम या बाईंकडे. "कोळी? वा! कोळीनृत्याला ओरिजिनल मुलगी मिळाली!" तेव्हापासून ओरिजिनल पहिल्या रांगेत. पोरीने वक्तृत्वाची ढाल आणली, तरी नाचात. कथाकथनात पहिली आली, तरी नाचात. माइक दरवर्षी सेक्रेटरींच्या क्षिप्राकडे. क्षिप्रा गुणी मुलगी, पण माइकवर बोलायला लागली की मागच्या रांगेला वाटायचं, लाइट गेली.

गेल्या वर्षी, म्हणजे शहाण्णव साली, दर्शना नववीत होती. दहावीच्या मुलांना बोर्डाच्या अभ्यासामुळे संमेलनात घेत नाहीत, म्हणजे माइक मिळाला तर याच वर्षी, नाहीतर कधीच नाही. तिने सरळ बाईंना गाठलं आणि सूत्रसंचालन मागितलं. माझी श्रुती तिच्याच वर्गात. घरी येऊन तिने दोन्ही आवाज काढून दाखवले.

"अगं, सूत्रसंचालनाला भाषा शुद्ध लागते. तुमच्याकडे सगळं हाय-नाय. आणि नाच तर तुमच्या रक्तातच आहे!"

"माझ्या रक्तात काय आहे ते अजून मलाच कळलं नाही, बाई. तुम्हाला कसं कळलं?"

त्या संध्याकाळी वैशालीबाई स्वतः कोळीवाड्यात आल्या. नाचाची खरी लुगडी दरवर्षी बायजाबाईच द्यायची, नेसवायलाही तीच जायची. मी लगबगीने भिंतीपाशी झाडांना पाणी घालायला गेलो. तिथे आमची झाडं नाहीत. तरी घातलं.

"बायजाबाई, यंदा बारा लुगडी लागतील."

"नेवा की."

"आणि दर्शनाला जरा समजवा. नाचणार नाही म्हणते."

"मंग नाय नाचनार."

"अहो, तुमचीच मुलगी नसेल तर कोळीनृत्याला काय मजा?"

"नाचते की ती. हळदीत नाचते, गनपतीत नाचते. येवा कवा बघाला. शाळंत मी तिला शिकाला धाडते."

बाई गेल्या. मला कुठलं राहवतंय! मी भिंतीवरून मान काढली. "बायजाबाय, लुगडी अडवून धर की. माइक द्या, लुगडी न्या!"

तेवढ्यात दर्शना आतून आली. "नको काका. लुगड्यांवर मिळवलेला माइक मला नको. उद्या सगळे म्हणतील, कोळणीने इथेही भाव केला."

मी आणखी थोडं पाणी घातलं.

दुसऱ्या दिवशी ती मुख्याध्यापक मधुकर सरांपुढे जाऊन उभी राहिली. "सर, माझी परीक्षा घ्या. नापास झाले तर नाचते." सरांनी टेबलावरचं वर्तमानपत्र तिच्या हातात दिलं आणि अग्रलेख वाचायला लावला. ऐकून झाल्यावर 'नाही' म्हणायला त्यांना कारण सापडेना. पण सरांचा न्याय म्हणजे कटिंग चहा, सगळ्यांना अर्धा-अर्धा. मध्यंतरापर्यंत क्षिप्रा, पुढे दर्शना. निवेदन वैशालीबाईंनी लिहून दिलं आणि बजावलं, "यातला शब्द इकडचा तिकडे नको."

कोळीनृत्य मध्यंतरानंतर होतं. पडदा उघडला. बारा मुली, थर्माकोलची वल्ही, पुठ्ठ्याची होडी. बायजाबाईच्या हिरव्या लुगड्यात आमची श्रुती. बाजूला माइकवर दर्शना, शाळेच्या गणवेशात. बाईंचं वाक्य तिने मान राखून वाचलं, "आता पाहूया, भोळ्याभाबड्या दर्याच्या लेकरांचं आनंदी नृत्य." मग कागदाची घडी घातली.

"आता माझं थोडं ऐका. या बाराजणींपैकी एकीच्याही घरी होडी नाही. जिच्या घरी आहे, तिला चार वर्षं तुम्ही नाचताना पाहिलंत. आज ती बोलतेय. आणि आम्ही भोळेभाबडे नाही. पटत नसेल तर उद्या सकाळी माझ्या आईशी भाव करून बघा."

मागे उभ्या असलेल्या कोळणींमधून अशी शिट्टी आली की पुढच्या खुर्च्यांवरचे पाहुणे दचकले. सेक्रेटरी घड्याळात बघू लागले. गाणं सुरू झालं आणि श्रुतीचा पहिलाच पाय चुकला. विंगेत वैशालीबाई कुजबुजल्या, "हे कागदावर नव्हतं!"

"नव्हतंच, बाई. म्हणून तर बोलले." आणि ती शेवटच्या आभारांपर्यंत माइकवरून हलली नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी बायजाबाईला बोलावलं. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण अशा वेळी शेजाऱ्याने जायचं नाही तर कधी?

"लेखी माफी हवी," सर म्हणाले.

"देते, सर," आईशेजारी उभी दर्शना म्हणाली. "त्यात खोटं काय होतं ते सांगा, तेवढ्याची देते."

सरांनी बाईंकडे पाहिलं, बाईंनी पंख्याकडे. "प्रश्न खऱ्याखोट्याचा नाही," बाई म्हणाल्या, "शिस्तीचा आहे."

"मग बेशिस्तीची शिक्षा द्या, बाई. ती घेते. माफी नाही."

सरांनी बायजाबाईकडे पाहिलं. तिने पदर खोचला. "माझ्याकडं काय बघता? पोर बोलली ना."

शेवटी शिक्षा ठरली, मधल्या सुट्टीपर्यंत वर्गाबाहेर उभं राहायचं. श्रुतीचा बाक दाराजवळ, म्हणून पुढचंही मला कळलं. दर्शना दाराबाहेर ताठ उभी राहिली, हातात इतिहासाचं पुस्तक. जाणारायेणारा प्रत्येक जण वळून बघत होता आणि ती प्रत्येकाच्या डोळ्यात डोळे घालून बघत होती. कुणाला जास्त अवघड झालं कोण जाणे, पण दुसऱ्याच तासाला वैशालीबाई दारात आल्या.

"पुरे आता. ये आत."

"मधली सुट्टी झाली नाही अजून, बाई," ती म्हणाली, आणि पुस्तकाचं पान उलटलं.