बेहड्याखालचा खराटा

आमच्या ऑफिसातलं कुणी ना कुणी दर उन्हाळ्यात कुठल्यातरी लांबच्या वर्षावनात जाऊन येतं, आणि मग आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत आम्ही त्याच्या मोबाइलमधले बेडूक बघत बसतो. यंदा बेडकांच्या जोडीला मोठ्या चोचीचे पक्षीही होते. घरी येऊन मी आईला सांगितलं, की असले पक्षी बघायचे तर विमानात रात्र काढावी लागते.

आई लातूरहून माझ्याकडे हिंजवडीला राहायला आली त्याला दोन वर्षं झाली. एवढ्या काळात तिने पाहिलेली प्रेक्षणीय स्थळं म्हणजे दोन मॉल, एक गुडघ्याचा डॉक्टर आणि आमच्या इमारतीची गच्ची. ती मेथी निवडता निवडता म्हणाली, "इथं जवळपास काहीच नाही का गं?"

शोधलं, आणि माझी मलाच लाज वाटली. त्याच घराण्यातला पक्षी, धनेश, आमच्या घरापासून दोन तासांवर होता. मुळशी तालुक्यात, ताम्हिणीच्या बाजूच्या सदाहरित जंगलात. मी मात्र मुळशीला पावसाळी भजी खायला जायचं ठिकाण समजत होते.

तिथल्या एका वाडीत यशवंतदादा नावाचे शेतकरी आहेत. पावसाळ्यात भात लावतात आणि एरवी चार-पाच जणांना जंगल दाखवतात. दोन दिवस प्रयत्न करून एका संध्याकाळी फोन लागला, तर पलीकडून आधी "जय भीम, बोला" आणि मग सरळ अटीच. भडक कपडे नकोत, अत्तर नको, गाणी तर नकोतच. "आन् पक्षी दिसंलच असं मी सांगत न्हाई. प्राणिसंग्रहालय न्हाई हे." राहणं, जेवण, सोबत फिरणं सगळं धरून माणशी अडीच हजार. मला माणूस तिथेच आवडला.

शनिवारी सकाळी साडेसहाला निघालो. हिंजवडीकरांनो, चांदणी चौकाच्या नादी लागू नका. माण गावावरून घोटावड्याला या आणि तिथून पौड रस्त्याला लागा. घोटावड्यात एका बाजूला कारखान्याची रात्रपाळी सुटत होती आणि दुसऱ्या बाजूला एक बाई म्हशी घेऊन निवांत रस्ता ओलांडत होती. तिने दोन्ही हातांनी गाड्या थांबवल्या, आम्हीही थांबलो. कासार आंबोलीच्या फाट्यावर चहा आणि गरम वडापाव झाला. पेट्रोल पौडलाच भरून घ्या. पुढे धरणाचं पाणी डाव्या-उजव्या हाताला दिसत राहतं. एप्रिलमध्ये ते बरंच मागे सरकलेलं असतं आणि काठाची तांबडी माती उघडी पडते, पण आई काचेला नाक लावून बसली ती वळणं सुरू होईपर्यंत हललीच नाही.

वाडीच्या अलीकडे जळका वास आला. समोरच्या उतारावर काळा पट्टा पडला होता. यशवंतदादा रस्त्यावरच उभे होते. पन्नाशीचे, काटक, आणि डोळे लाल झालेले.

"परवा वणवा लागला हुता," ते म्हणाले. "दोन दिस सगळी वाडी इझवतीया. राईपतुर आला न्हाई ते बरं झालं."

आमच्याशिवाय एक जोडपं आलं होतं, अंकित आणि नेहा. दोघंही हिंजवडीतलेच, मूळचे भोपाळचे. अंकितकडे हाताएवढी लांब लेन्स होती. सुमनताईंनी, म्हणजे दादांच्या पत्नीने, तांदळाची भाकरी, हुलग्याचं पिठलं आणि कोवळ्या फणसाची भाजी वाढली. त्या फणसाच्या भाजीसाठी मी पुन्हा दोन तास गाडी चालवेन.

जेवताना दादांनी आम्ही काय बघायला आलोय ते नीट सांगितलं. राईत, म्हणजे देवासाठी राखलेल्या जंगलात, एक जुना बेहडा आहे. त्याच्या ढोलीत धनेशाची मादी फेब्रुवारीअखेर शिरली. तिने आतून चिखलाने आणि स्वतःच्या विष्ठेने दार लिंपून घेतलं. उरली आहे ती चोचीपुरती फट. पिल्लं मोठी होऊन उडेपर्यंत ती आतच राहणार. नर फळं आणून त्या फटीतून भरवणार. आत असताना तिची उडायची पिसंही झडतात.

"आणि नर आलाच नाही तर?" आईने विचारलं.

"तर संपलं, मावशी. मायबी आन् पिल्लंबी."

आईचा घास हातातच राहिला. दादांना त्याचीच काळजी लागली होती. वणव्याच्या धुराने नर बिथरून लांब गेला असेल, नाहीतर त्याचं काही बरंवाईट झालं असेल. दोन दिवस ते स्वतः राईत जाऊ शकले नव्हते. पण कळायला एक सोपा मार्ग होता. रोज दुपारी नर आसपास नसताना ते झाडाखालची जागा खराट्याने लख्ख झाडून येतात. नराने आणलेली फळं खाऊन मादी बिया फटीतून खाली टाकते. दुसऱ्या दिवशी झाडलेल्या जागेवर बिया दिसल्या, की नर येऊन गेला. ना झाडावर चढायचं, ना घरट्याशी ताटकळायचं.

"वणवा लागला त्याच दुपारी, त्याच्या आधी झाडलीया जागा. आज बिया दिसल्या की जीव भांड्यात पडंल."

चार वाजता निघालो. राईच्या तोंडाशी चपला काढायच्या, आणि आतलं पडलेलं पानसुद्धा बाहेर न्यायचं नाही, हा इथला नियम. बाहेर रखरखीत ऊन आणि आत पाऊल टाकलं की एकदम गार. गारंबीचे वेल मांडीएवढे जाड, झाडाझाडांवरून गेलेले, आणि त्यांच्या शेंगा पुरुषभर लांब. दादांनी एका फांदीवरचा हिरवा चापडा साप दाखवला. मी मिनिटभर बघूनही मला तो पानच वाटत होता, आणि मग त्या पानाने जीभ बाहेर काढली. मी कुठे गेले होते इतकी वर्षं?

थोडं आत शेंदूर लावलेला एक दगड, तोच देव. पुढे मोकळी जागा, आणि त्या जागेच्या टोकाला तो बेहडा. दगडाला टेकून एक खराटा ठेवलेला. आईने हात जोडले. दादांनी जोडले नाहीत.

"आमचं घर बुद्धाचं," ते म्हणाले. "माज्या आज्याला तर हितं आत येऊ देत नव्हते. आता राखण माज्याकडंच हाय."

तेवढ्यात वरच्या बाजूला शेकरू ओरडलं. अंकितची लेन्स लगेच तिकडे वळली. आईचे गुडघे बोलायला लागले होते, म्हणून दादांनी तिला दगडापाशी बसवलं. "मावशी, तुमी बसा. ह्यास्नी शेकरू दावतो आन् आलोच. मग बिया बघू." शेकरू आम्हाला मनसोक्त दिसलं. तपकिरी-तांबूस अंग, पांढरट झुपकेदार शेपूट, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर अशी झेप, की नेहाच्या तोंडून "अरे बाप रे!" निघालं. वीस मिनिटं कशी गेली कळलं नाही.

परत आलो तर आई कमरेला पदर खोचून उभी होती. हातात खराटा. देवापासून बेहड्याच्या बुंध्यापर्यंत सगळं अंगण आरशासारखं लख्ख.

"बसून बसून काय करावं," ती कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाली. "देवाच्या दारात किती कचरा होता! तेवढीच सेवा."

दादा झाडलेल्या जागेभोवती एक चक्कर मारून आले. मला वाटलं जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. माझी आई लातूरला चाळीस वर्षं पहाटे गल्लीतल्या मारुतीचं अंगण झाडत आली. देवापाशी खराटा दिसल्यावर ती दुसरं काय करणार होती? आणि दादांचं बोलणं ऐकताना तिचं सगळं लक्ष ढोलीतल्या मादीकडे होतं, खराट्याकडे नव्हतंच.

"कचरा कुटं टाकलात, मावशी?" दादांनी हळूच विचारलं.

राईतलं काही बाहेर न्यायचं नाही, म्हणून दादा रोजच्या बियांचा एका कडेला ढीग करत. आईने नियम तंतोतंत पाळला होता. सगळं त्याच ढिगावर टाकलं होतं आणि ढीग वर छान गोल करून ठेवला होता. दादा उकिडवे बसले, काजऱ्याच्या फळातल्या बटणासारख्या चपट्या बिया बोटांनी चाळत राहिले. या उन्हात बी अर्ध्या दिवसात वाळते. कालची कुठली आणि आठवड्यापूर्वीची कुठली, सांगता येईना.

आईला एव्हाना उमगलं होतं. तिचा चेहरा मला बघवेना.

"असू द्या," दादा उठत म्हणाले. "आता सकाळी डोळ्यांनीच बघावं लागंल."

त्या संध्याकाळी आई जेवली नाही. सुमनताईंनी आग्रह केला तेव्हा म्हणाली, "ती आत उपाशी असली तर?" सुमनताई तिच्यासाठी ताक ठेवून गेल्या.

रविवारी उजाडायच्या आत निघालो. आईची साडी केशरी होती, म्हणून सुमनताईंनी तिच्यावर आपलं जुनं मातकट रंगाचं धडपं पांघरलं. दादांनी आम्हाला राईत नेलंच नाही. समोरच्या चढावर, करवंदीच्या जाळीआड, सुक्या फांद्यांचा आडोसा केला होता. तिथून बेहड्याची ढोली दुर्बिणीतून स्पष्ट दिसत होती. फटीत मधूनच फिकट पिवळ्या चोचीचं टोक हले. मादी जिवंत होती.

लांबवर भेकर भुंकलं. खालच्या उंबरावर हिरव्या कबुतरांचा थवा उतरला, इतका पानांत मिसळलेला, की नेहाने झाड हललं म्हणून बघितलं. एरवी मी या एका सकाळवर चार पानं लिहिली असती. पण आम्हा सगळ्यांचे डोळे त्या फटीला चिकटलेले. सात वाजले. आठ वाजले. दादा सांगत होते, की एरवी तो सातपर्यंत एकदा येऊन जातो. आई दगडावर बसली होती. पाय जवळ घेतलेले, ओठ हलत होते.

साडेआठला अंकितचा धीर सुटला. "भैया, यहाँ से तो कुछ नहीं आएगा. थोड़ा आगे जाएँ? बस पाँच मिनट."

"न्हाई जायचं."

"मगर हम इसी के लिए आए हैं ना?"

दादा वळले. आवाज चढवला नाही, पण शब्द एकेक करून आले. "वो आया, और हमको झाड़ के नीचे देखा, तो वापस जाएगा. अंदर वाली भूकी है. तुमारा फोटू उसके पेट में जाएगा क्या?"

अंकितने लेन्स मांडीवर ठेवली. नेहाने त्याच्या हातावर हात ठेवला. आणि मग, खरं सांगते, मला त्याच्याबद्दलही माया वाटली, कारण तो पुढे सगळा वेळ हलला नाही.

नऊ वाजून गेल्यावर आईनेच आधी ऐकलं. माझ्या मनगटावर तिची बोटं घट्ट रुतली. कुणी ओलं जाड धोतर झटकत झटकत यावं तसा आवाज डोक्यावरून गेला. काळा-पांढरा भला थोरला पक्षी, चोचीवर शिरस्त्राणासारखा उंचवटा, येऊन शेजारच्या झाडावर बसला. बसला तो बसलाच. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मग तो उडून बेहड्याच्या खोडाला बिलगला, मान हलवली, आणि गळ्यातून एक फळ चोचीच्या टोकाशी आणून फटीत दिलं.

"एक," दादा पुटपुटले. "दोन. तीन."

अकरा फळं. दुर्बिणीमागे दादांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायची त्यांना शुद्ध नव्हती. आई तर उघड रडत होती. मीही रडले. लांबच्या वर्षावनातले सगळे बेडूक मी त्या क्षणी माफ केले.

दुपारी आमच्या बॅगा गाडीत ठेवून झाल्यावर दादांनी आईला पुन्हा राईत नेलं. नर फळांच्या शोधात गेला होता. झाडाखाली ओल्या बिया पडल्या होत्या. त्या बघून झाल्यावर दादांनी खराटा उचलून आईच्या हातात दिला.

"आता झाडा, मावशी."

आईने झाडलं. लातूरच्या मारुतीपुढे झाडायची तसंच, उलट्या पावलांनी मागे सरकत, स्वतःच्या पावलांचे ठसेसुद्धा पुसत.

घरी येऊन आता दीड महिना झाला. जायचं असेल तर मार्च-एप्रिलमध्ये जा, वयस्कर माणसांना खुशाल न्या, आणि लेन्सपेक्षा दुर्बीण न्या. वाडीत मोबाइलला रेंज नाही. दादा संध्याकाळी टेकाडावर चढून आईला रोज एक फोटो पाठवायचे. लख्ख जमीन आणि तिच्यावर बिया. आई चष्मा लावून मोजायची आणि मगच देवाला दिवा लावायची. नऊ. चौदा. सहा आल्या त्या दिवशी मला ऑफिसात आईचा फोन आला होता.

गेल्या गुरुवारी फोटो आला, आणि त्यात एकही बी नव्हती. नुसती झाडलेली जमीन. आईने फोन माझ्यापुढे धरला. मीही घाबरले. मग पाठोपाठ व्हॉइस मेसेजमधून दादांचा आवाज आला, धाप लागलेला, टेकाड पळत चढल्यासारखा.

"मावशी, घाबरू नगा, बिया कुनी झाडल्या न्हाईत. खायाला आत कुनी उरलंच न्हाई. काल झाडून गेलो आन् मागनं दार फुटलं. माय आन् दोन पिल्लं, तिगंबी उडाली."