अकरा महिन्यांची माणसं

मुलांनी छळलेल्या म्हाताऱ्यांना आधार देणाऱ्या आमच्या संस्थेचं कार्यालय लातूरला, केंद्र नांदेडला. सचिव मी. प्रत्येक सभेत मी सांगायचो, "शिकलेल्या मुली आपल्याकडे टिकत नाहीत. लग्नं होतात, पुण्याला जातात." ते खोटं होतं. त्यांना आम्ही टिकू देत नव्हतो. अकरा महिने झाले की पंधरा दिवसांचा ब्रेक, मग नवा आदेश. सेवा सलग दिसली तर कायम करा म्हणून मागं लागतील, ही भीती. आदेशावर सही माझी असे.

समाजकार्याचं शिक्षण घेतलेली इस्लापूरची एक मुलगी आमच्याकडे होती. देगलूरच्या एका आजीला मुलगा घरासाठी मारायचा. आजी निम्मं तेलुगू बोलायची, भ्यायची. या मुलीनं महिनोन्‌महिने जाऊन तिला तक्रारीला तयार केलं. प्रांतसाहेबांपुढच्या सुनावणीची तारीख नेमकी मुलीच्या ब्रेकमध्ये आली.

मुलगी बसनं लातूरला आली.

"सर, सुनावणीपर्यंत थांबवा की ब्रेक. आजी दुसऱ्या कुणापुढं तोंड उघडणार न्हाई."

"नियम सगळ्यांना सारखा, बाई."

"मग बिनपगारी जाते."

"अजिबात नाही. ब्रेकमध्ये कामावर दिसलीस तर सेवा सलग धरतील."

ती उठली. "मग आजीला मारणाऱ्यालाबी पंधरा दिवसांचा ब्रेक द्या, सर."

मी हसलो. चहा घेऊन जा म्हणालो. ती थांबली नाही.

सुनावणीला मी केंद्रातली दुसरी, नवी मुलगी पाठवली. तिनं नंतर सांगितलं, आजी सारखी दाराकडं बघत होती. "माझी पोरगी कुठाय?" एवढंच विचारत होती. शेजारी मुलगा हात जोडून उभा. शेवटी आजी प्रांतसाहेबांना म्हणाली, "लेकरू चांगलं हाय माझं." तक्रार मागं घेतली गेली. मुलानं तिला मोटारसायकलवर बसवून घरी नेलं.

इस्लापूरच्या मुलीनं नवा आदेश घेतलाच नाही. तिची जागा अजून रिकामी आहे. जाहिरात देतो, मुली येतात, अट वाचून जातात.

काही महिन्यांनी देगलूरची आजी नांदेडच्या सरकारी दवाखान्यात असल्याचं कळलं, म्हणून मी भेटायला गेलो. खुब्याचं हाड मोडलेलं. मी विचारलं, "कुणी मारलं का, आजी?"

"पाय घसरला."

"मी संस्थेकडून आलोय. खरं सांगा."

तिनं मला निरखलं, मग माझ्या मागं बघितलं. मागं कुणीच नव्हतं.

"घसरला म्हणलं न्हवं," ती म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.